कांद्यातलं तारू

मास्तरांच्या वर्गात 'हजर' म्हणायला बंदी होती. कुणी चुकून म्हणालंच, तर मास्तर चष्मा कपाळावर सारून त्याच्याकडे असे बघत राहायचे, की तो बिचारा उगीचच जागेवरून उठून उभा राहायचा. हजेरी घेताना ते नाव पुकारायचेच नाहीत. एकेकाकडे बोट करायचे आणि ओरडायचे, "तू कुठं हायस?"

आता समोर बसलेल्या माणसाला तू कुठं आहेस म्हणून विचारणाऱ्याला काय म्हणावं! पहिल्या रविवारी मी सांगितलं, "ही काय, इथंच आहे."

"शरीर हाय गं बाई. त्ये दिसतंय मला. तू कुठं हायस?"

शेजारी बसलेल्या कंपाउंडरनं मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःचं उत्तर देऊन दाखवलं. "मी घरी आहे, मास्तर. बोंबील भिजत घातलेत आणि मांजर आतच कोंडलं गेलंय."

मास्तर खूश. "हां! असं खरं बोलावं. झाडामागं लपलेला आदाम देवाला दिसत नव्हता व्हय? दिसत हुता. तरी इचारलं. देवानं मानसाला इचारलेला ह्यो पहिला सवाल हाय, आन तुमी त्याला हजर म्हनता? ही काय झेडपीची शाळा हाय?"

स्वतः मास्तर मात्र सगळी नोकरी झेडपीच्याच शाळेत करून निवृत्त झाले होते.

राहुरीहून सोनईकडं जाताना पाटाच्या कडेला हे गाव लागतं. मी सोनईची, शेतकऱ्याघरची, हिंदू. बायबलशी माझा संबंध काय, तर प्रकाश. राहुरीला कॉलेजात ओळख झाली, ओळखीचं पुढं जे व्हायचं ते झालं, आणि प्रकाश निघाला कॅथलिक. माझ्या अण्णांनी आधी ताट भिरकावलं, मग महिनाभर अबोला धरला आणि शेवटी म्हणाले, "चर्चमध्ये लावा, मांडवात लावा, पण चार पाहुण्यांसमोर लागलं पाहिजे. कोर्टाची पायरी चढायची नाही. आणि ह्या थंडीत उरकलं तर उरकलं. उन्हाळ्यात मी मामाच्या स्थळाला होय म्हणणार." अण्णा बोलले की बोलले. मामाचं स्थळ म्हणजे एक दूध डेअरीवाला होता. त्याला मी एकदाच पाहिलं होतं आणि तेवढं पुरे झालं होतं.

इकडे फादर म्हणाले, "धर्म बदलायचं बंधन नाही, बाई. पण ज्या घरात जायचं त्या घरच्या गोष्टी ठाऊक हव्यात. मास्तरांच्या वर्गाला बसा, बायबलचे पहिले अकरा अध्याय शिका. मास्तर होय म्हणाले की लग्न लावू. मात्र उपवासकाळ लागायच्या आत. एकदा तो लागला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद."

म्हणजे एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला उपवासकाळ आणि मधे मास्तर. त्यातही गंमत अशी, की हे मास्तर प्रकाशचे सख्खे थोरले चुलते. आणि त्याहून मोठी गंमत, की प्रकाशच्या वडलांचं आणि त्यांचं कैक वर्षं बोलणं नव्हतं.

भांडण बांधाचं. थोरला म्हणायचा धाकट्यानं बांध कोरला, धाकटा म्हणायचा थोरल्यानं कोरला. खरं बघायला गेलं तर दोघांनीही कोरला होता. दरवर्षी नांगरताना दोन्हीकडून नांगराचं एकेक तास आत घेऊन घेऊन त्यांनी त्या बांधाची अशी दशा केली होती, की शेळीसुद्धा त्यावरून जाताना विचार करायची. मधोमध एक लिंबाचं झाड तेवढं कुणाला कोरता आलं नव्हतं, म्हणून उभं होतं.

मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेच्या वेळी 'एकमेकांना शांती द्या' म्हटलं की सगळे वळून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हात जोडतात. तिथंही ह्या दोघांची कसरत असायची. धाकटे खांबाच्या डावीकडं बसायचे, मास्तर उजवीकडं. मास्तर पुढच्याला नमस्कार करायचे, मागच्याला करायचे, आणि डावीकडं वळायची पाळी आली की भक्तिभावानं खांबाला हात जोडायचे. सगळं चर्च बघायचं, पण हसायचं कुणी नाही. सवय झाली होती लोकांना.

असा माणूस बायबल शिकवायचा. आणि खोटं कशाला बोलू, फार छान शिकवायचा. तोवर मला वाटायचं, जग सहा दिवसांत झालं हे ह्या लोकांना शपथेवर मानावं लागत असेल. मी तसं विचारलंही. मास्तर म्हणाले, "हे शेतकी खात्याचं पुस्तक न्हाई. कुठलं बी कवा पेरलं ह्याचा हिशोब त्यात बघू नगंस. देव कोन आन आपन कोन, येवढंच सांगायचंय त्याला." मग दुसऱ्या अध्यायात जग परत पहिल्यापासून का तयार होतं, असं कंपाउंडरनं विचारलं. मास्तर म्हणाले, "लग्न एकच. पन आचाऱ्याला इचार आन करवलीला इचार. दोघंबी खरं सांगत्यात, पन एकाच्या सांगन्यात बुंदी जास्त आन दुसरीच्या सांगन्यात नवरी." मी आजही कुणाला बायबल समजावून सांगायची वेळ आली तर हेच सांगते.

पण शिकवण्याची तऱ्हा! सातव्या दिवशी देवानं विसावा घेतला, ह्या धड्याला त्यांनी आम्हाला अख्खा तास काही न करता बसवलं. बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, माशीसुद्धा हाकलायची नाही. कंपाउंडर घोरायला लागला तेव्हा मास्तरांनी हळूच आम्हाला सांगितलं, "बघा, ह्याला धडा कळला."

आणि सफरचंदाचा तर उच्चार करायची सोय नव्हती. "सफरचंद लिवलंय कुठं? फळ लिवलंय, फळ! काय बी झालं की सफरचंदाचं नाव! आपल्या राहुरीच्या बाजारात पेरू हाय, चिक्कू हाय, डाळिंब हाय. एदेन बागंत काय सिमल्याचा ट्रक आल्ता?" नाताळच्या नाटकात पोरींनी झाडाला सफरचंद टांगलं, तर हे सरळ स्टेजवर चढले, सफरचंद तोडलं आणि जाताना खाऊन टाकलं. हव्वा बिचारी रिकाम्या झाडाखाली बराच वेळ मोहात पडत राहिली.

देवाची वाक्यं मास्तर नेहमी ओरडून म्हणायचे. बाकीची गोष्ट साध्या आवाजात, पण देव बोलायला लागला की रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जायचं. कारण विचारलं तर म्हणाले, "देव लांब उभा ऱ्हाऊन बोलतो. आपनच लांब गेलोय न्हवं?"

तिसरा अध्याय संपला. पुढच्या रविवारी मास्तरांनी बायबल उघडलं आणि सुरू केलं, "आता पाचवा. आदामाची वंशावळ. पाठ करा."

मी वाकून बघितलं. त्यांच्या बायबलात चौथ्या अध्यायाची पानं कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं बंद करून टाकली होती. हिरवा प्लास्टिकचा चिमटा.

"मास्तर, चौथा?"

"त्यात काय न्हाई. दोन भावांची भांडनं हायेत. घरोघरी असत्यात."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण माझी जीभ पहिल्यापासून अशीच. "पण फादर म्हणाले पहिले अकरा अध्याय. एक गाळला तर दहाच होतात."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला. मला वाटलं, आता उभं राहावं लागणार. पण ते थंडपणे म्हणाले, "बराबर हाय. अकरा झाल्याबिगर मी फादरला व्हय म्हननार न्हाई."

"मग चौथा शिकवा."

"त्यो मी शिकवत न्हाई."

झालं! आजवर सगळ्यांना दहावर सोडणारा माणूस, धाकट्याची होणारी सून समोर आली की बरोबर अकरावर अडून बसला. मी तणतणत फादरांकडं गेले. फादर म्हणाले, "मास्तरांचा शब्द मी नाही मोडत. माझ्या आधीच्या फादरांनाही मराठी त्यांनीच शिकवलंय." प्रकाश म्हणाला, "मी शिकवतो तुला चौथा." म्हटलं, "तुझ्या शिकवण्यानं फादर लग्न लावणार आहेत का? गप बस." त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले. डेअरीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात आला सहावा अध्याय आणि नोहाचं तारू, म्हणजे महापुरातून सगळे जीव वाचवणारं ते जहाज.

तारू तीनशे हात लांब आणि पन्नास हात रुंद, असं लिहिलेलं आहे. दुसरा कुणी असता तर फळ्यावर आकडा लिहून मोकळा झाला असता. मास्तर म्हणाले, "केवढं हुतं त्ये पायाला कळलं पायजे." भिंगारच्या बाजारातून त्यांनी सुतळीचे बिंडे आणले, रेघा मारायला गोणीभर फक्की आणली आणि वर्गाला घेऊन स्वतःच्या रानात गेले. बाजरी निघून रान मोकळंच होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात धरून ते मातीत रांगत निघाले. मागं कंपाउंडर मोजत होता, मी खुंट्या ठोकत होते, आणि पांढऱ्या फक्कीची रेघ मारत येत होता गावातला वेल्डर रशीदभाई. तो मुसलमान, पण नूह पैगंबरांची किश्ती मोजतायत म्हटल्यावर हातातलं काम टाकून आला होता.

तारू छान लांबत चाललं होतं. आणि तीनशे व्हायच्या बरंच आधी मास्तरांचं बोट लिंबाच्या मुळाला टेकलं. बांध. पलीकडे धाकट्याचा कांदा, हिरवागार, गुडघ्याला लागणारा.

"मागं सरकवू," कंपाउंडर म्हणाला. मागं पाट होता. आडवं फिरवावं तर घर होतं. "मग थोडं आखूड करू," रशीदभाई म्हणाला, "अल्ला समजून घेईल."

"देवानं तीनशे सांगितलंय," मास्तर म्हणाले. त्यांनी पलीकडच्या कांद्याकडं एकदा बघितलं. मग हात झटकून म्हणाले, "आज येवढंच."

नाक नसलेलं तारू तसंच आठवडाभर रानात पडून राहिलं. खुंट्यांना लाल चिंध्या होत्या, दोन समांतर पांढऱ्या रेघा सरळ लिंबाकडं गेलेल्या. रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसानं त्या पाहिल्या आणि दुपारपर्यंत गावभर झालं, की नवा हायवे आला, मोजणी झाली, मास्तरांचं रान गेलं!

मग काय विचारता! रेघांच्या पुढं ज्यांची ज्यांची रानं येत होती, ते सगळे कामाला लागले. जमीन जाणारच असेल तर त्यावर झाडं हवीत, शेड हवी, म्हणजे मोबदला वाढतो. एकानं भुईमूग उपटून डाळिंबाची रोपं लावली. एकानं कोंबड्या नसताना पोल्ट्रीची शेड उभी केली. शेड बांधायला अर्थात रशीदभाईच होता. मी त्याला रागावले, "अहो, तुम्हाला ठाऊक आहे ना, हे तारू आहे म्हणून?"

"मी सांगितलं की ताई, किश्ती आहे. ते म्हणतात, रस्त्याला सरकार काय पण नाव देतं."

पुढच्या रविवारी वर्ग परत रानातच भरला. आम्ही जेमतेम पोचलो, तोच कांद्यातून वाट काढत माझे होणारे सासरे आले. तोंड लालेलाल. वडलांच्या हातची विहीर बरोबर त्या रेघांच्या वाटेत येत होती. पण अबोला तो अबोला. बांधापाशी थांबून ते लिंबाच्या झाडाला म्हणाले, "माझ्या हिरीवरनं रस्ता काढनारा कोन हाय, ते इचारा कुनी तरी!"

मास्तर माझ्याकडं वळले. "सांग त्यांला, रस्ता न्हाई. तारू हाय."

"मामा, तारू आहे," मी म्हणाले.

"कुनाचं तारू?" सासऱ्यांनी लिंबाला विचारलं.

"सांग, नोहाचं."

"नोहाचं."

"नोहाचं तारू माझ्या कांद्यात कशाला?"

"सांग, देवानं तीनशे हात सांगितलंय. माझं रान कमी पडतंय."

"कमी पडंल न्हाई तर काय! इचारा, मोजलं कुनाच्या हातानं?"

"सांग, माझ्या."

"तुझ्या?" सासरे एकदम लिंबाला सोडून मास्तरांवरच आले. "आरं, तुझा हात आखूड हाय! ल्हानपनापासनं आखूड हाय! बोरं पाडायला बा मलाच हाक मारायचा!"

कंपाउंडरनं छातीवर क्रूस काढला. इतक्या वर्षांनी धाकटा थोरल्याशी तोंडानं बोलला होता, आणि बोलला तो हे.

"आखूड?" मास्तर म्हणाले. "लाव! लाव हात!"

दोघं म्हातारे बांधाच्या दोन बाजूंना गुडघ्यावर बसले आणि बांधावर कोपराला कोपर टेकवून हात सरळ केले. सासऱ्यांचा हात दोन बोटं लांब भरला. त्यांनी विजयानं आमच्याकडं बघितलं. "बघा! आता माझ्या हातानं मोजा. सगळं परत!"

प्रकाशच्या वडलांना एवढंही कळत नव्हतं, की हात लांब म्हणजे तारू लांब, आणि तारू लांब म्हणजे त्यांचाच कांदा जास्त तुडवला जाणार. की कळत होतं? देव जाणे. ते पाटापासून रांगत निघाले ते बांध ओलांडून स्वतःच्या वाफ्यांतून, विहिरीला वळसा घालून, पार पलीकडच्या टोकाला जाऊन पोचले. सुतळीचं टोक मुठीत धरून आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि खुंटी शोधू लागले. मागं हिरव्यागार कांद्यात फक्कीची पांढरी रेघ. मास्तर सुतळीमागून चालत आले आणि बांधावर थबकले. पुढं पाऊल टाकायची हिंमत होईना त्यांना.

तिथंच त्यांना हजेरी आठवली. घाबरले की हजेरी घ्यायचे, हे मला एव्हाना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तू कुठं हायस?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उपवासकाळ तोंडावर आला होता. "मी बांधावर आहे, मास्तर," मी म्हणाले. "एका बाजूला तिसरा, दुसऱ्या बाजूला पाचवा. चौथा दिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तुम्हाला तरी कुठं येतंय?"

मास्तरांनी पिशवीतून बायबल काढलं, हिरवा चिमटा काढला, आणि ठेवायला जागा सापडेना म्हणून स्वतःच्या सदऱ्याच्या कॉलरला लावला. पान उघडलं, पण वाचलं नाही. गोष्ट त्यांना पाठच होती. काइन थोरला, रान करायचा. हाबेल धाकटा, मेंढरं राखायचा. थोरल्याच्या मनात कसं आलं, तो धाकट्याला रानात चल कसं म्हणाला, तिथं त्याचा जीव कसा घेतला, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की आम्हाला पुढं सरकावं लागलं. मग देव आला. आणि देव आला की मास्तरांचा आवाज चढायचा, तसा चढला. ते त्या कांद्याच्या रानाकडं तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडले, "तुझा भाऊ कुठं हाय?"

तिकडून, तारवाच्या टोकावरून, मागं वळूनही न बघता सासरे ओरडले, "हितं हाय की! सुतळी धरून हुबा हाय!"

त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, इकडं काय चाललंय. आम्हाला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. मग घसा साफ करून म्हणाले, "बरं, बरं. ताठ धर. मी आलो." आणि बांध उतरून कांद्यात गेले.

चौथा अध्याय आमचा तेवढाच झाला. पुढचा भाग मी नंतर घरी वाचला. दोन्ही भाऊ तारवाच्या टोकाला खुंटी सरळ आहे की वाकडी यावर संध्याकाळपर्यंत भांडत होते.

मास्तर फादरांना होय म्हणाले, लग्न वेळेत लागलं, अण्णांनी सगळ्यांशी हसून बोलून घेतलं. हायवे काही आला नाही. पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्या आल्या. डाळिंबं तेवढी जोमानं लागली. लोक अजून त्याला नोहाची बाग म्हणतात.

मास्तर शेवटी नगरला दवाखान्यात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन यायचा आणि शिव्या खाऊन ती परत घेऊन जायचा. सासरे मात्र रोज एसटीनं जायचे आणि डाळिंब सोलून दाणे पुढं करायचे. मास्तर एक दाणा तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ह्येच आसंल बघ त्ये फळ." सासरे म्हणायचे, "कशावरनं?" मग भांडण.

गेल्या वर्षी मास्तर गेले. वर्ग आता मी घेते. हजेरी त्यांच्यासारखीच घेते, फक्त ओरडत नाही.

बदलून आलेल्या नव्या फादरांना पहिल्याच रविवारी एक गोष्ट खटकली. शांतीच्या वेळी सासरे पुढच्याला नमस्कार करतात, मागच्याला करतात, मग उजवीकडं वळून खांबाला हात जोडतात आणि बाकीच्यांचं उरकलं तरी तसेच उभे राहतात. मिस्सा आटोपल्यावर फादरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, तिकडं कोण आहे?"

"आमचे थोरले हायेत," सासरे म्हणाले.